काकांच्या कपाटातल्या बाटल्या: दुर्मिळ व्हिस्कीचा पुनर्विक्रीचा भाव कसा काढायचा

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या घरात मावशीने कपाट उघडलं आणि चार बाटल्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. काका मर्चंट नेव्हीत चीफ इंजिनियर होते. ते गेल्याला तेव्हा वर्ष होत आलं होतं. "अरे, ह्या भंगारवाल्याला देऊ, की तू नेतोस?" मावशीने विचारलं. त्याच वेळी फोनवर मावसभाऊ सांगत होता की नेटवर यातल्या एका बाटलीला दोन लाख लिहिलेत, हात लावू नका. चारातल्या एका बाटलीला भंगाराचा रस्ता दाखवणं हा अनर्थ झाला असता, आणि भावाने ज्या बाटलीला दोन लाख पाहिले होते ती विमानतळावरच्या दुकानात आजही मिळते.

बाटल्या अशा होत्या. निळ्या चिनी मातीच्या कुप्पीतली रॉयल सॅल्यूट, मखमली पिशवीसकट. जॉनी वॉकर ब्लॅक लेबलची एक जुनी बाटली, लेबल पिवळं पडलेलं. एक लिटरची ब्लू लेबल, खोक्यात. आणि एक साध्या कागदी लेबलाची बाटली, जिच्याकडे घरात कुणीच पाहिलं नव्हतं, कारण तिच्यावरचं 'पोर्ट एलन' हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. भाव काढायची सगळी पद्धत या चार बाटल्यांवरच सांगतो. मी गेली बरीच वर्षं परदेशी लिलावांचे निकाल नियमाने बघत आलो आहे आणि माझ्या स्वतःच्या चुकाही त्यात आहेत.

आधी कायदा, मग भाव

मुंबईत हे पहिलं सांगायला हवं. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ आजही लागू आहे. परवाना नसलेल्या माणसाने दारूची बाटली विकणं हा गुन्हा आहे. बाटली एकच असली, सीलबंद असली, घेणारा शेजारी असला तरीही. कलम ६५ मध्ये विकणारा आणि विकत घेणारा दोघेही सापडतात. व्हॉट्सॲप ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर 'कलेक्टर्स पीस, भाव खासगीत' असं लिहून जे व्यवहार चालतात, त्यांत पडू नका. तिथे ऐकलेला भाव हा भाव म्हणून धरूही नका, कारण त्यात पकडले जाण्याची भीती आणि नकलीचा संशय दोन्ही मिसळलेले असतात.

बाटली जवळ बाळगायलाही परमिट लागतं: एका वर्षाचं १०० रुपये, आजीव परमिट १००० रुपये. मावशी स्वतः घेत नाही, पण बाटल्या आता तिच्या ताब्यात आहेत, म्हणून आम्ही सगळ्यात आधी तिचं परमिट काढलं. एका परमिटवर किती साठा ठेवता येतो यालाही मर्यादा आहे. कपाटात चार-सहापेक्षा जास्त बाटल्या निघाल्या तर राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या कार्यालयात जाऊन विचारून घ्या.

मग भाव काढायचाच कशाला? भावंडांत वाटणी करताना लागतो. विम्याला लागतो. मुलगा किंवा मुलगी ब्रिटनमध्ये, सिंगापूरमध्ये राहते आणि तिथेच बाटली घेऊन ठेवली आहे, तिथे ती कायदेशीरपणे लिलावात जाऊ शकते, त्यासाठी लागतो. आणि बाहेरून येताना पाऊण लाखाची बाटली 'गुंतवणूक' म्हणून उचलायची की नाही, हे ठरवायला तर फारच लागतो.

पहिली पायरी: हात आवरा

धूळ पुसायला ओलं फडकं घेऊ नका. पन्नास वर्षांच्या लेबलाची शाई आणि डिंक ओल्या फडक्याला टिकत नाहीत. बाटली आडवी ठेवू नका. वाइन आडवी ठेवतात म्हणून व्हिस्कीही आडवी, हा आपल्याकडचा फार पसरलेला गैरसमज आहे. व्हिस्कीतलं अल्कोहोल बुचाला खातं, बूच भुसभुशीत होतं आणि गळती लागते. मी स्वतः एक बाटली माळ्यावर दोन वर्षं आडवी ठेवली होती. उघडताना बूच अर्ध्यात तुटलं आणि चुरा आत पडला. व्हिस्की गाळून प्यायला आली, पण बाटली म्हणून तिची किंमत तिथेच संपली.

खिडकीजवळच्या सावलीत, दिवसाच्या उजेडात फोटो काढा: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, झाकण जवळून, बुडाच्या काचेवरचे आकडे, आणि मागे पांढरा कागद धरून द्रवाची पातळी. आतला द्रव गढूळ दिसतो का, तळाशी कण आहेत का, हेही त्याच वेळी बघून घ्या. खोका, पिशवी, पुस्तिका, जुनी पावती, काहीही टाकू नका.

दुसरी पायरी: बाटली नेमकी कोणती आहे

माझ्या मते निम्म्याहून जास्त काम इथेच आहे. 'जुनी ब्लॅक लेबल' याला भाव नसतो. 'ब्लॅक लेबल, १९७०च्या दशकात भरलेली, ब्रिटनच्या बाजारासाठीची' याला असतो. एकाच नावाच्या दोन बाटल्यांत दहापटीचा फरक पडू शकतो, आणि तो फरक लेबलावरच्या बारीक अक्षरांत असतो. भिंग घ्या.

वयापासून सुरुवात करू. व्हिस्की पिंपात म्हातारी होते, बाटलीत नाही. बारा वर्षांची व्हिस्की चाळीस वर्षं कपाटात राहिली म्हणून बावन्न वर्षांची होत नाही. लेबलावर लिहिलेलं वय हे मिश्रणातल्या सगळ्यात कोवळ्या व्हिस्कीचं असतं. काही बाटल्यांवर गाळण्याचं साल आणि भरण्याचं साल दोन्ही असतात. लिलावात अशा बाटलीची ओळख पटवणं सगळ्यात सोपं जातं.

मग माप आणि तीव्रता. काकांच्या ब्लॅक लेबलवर '२६ २/३ फ्लुइड औंस' आणि '७० अंश प्रूफ' असं होतं. ब्रिटनमध्ये १९८० पासून प्रूफऐवजी टक्के लिहू लागले, म्हणजे बाटली त्याआधीची. ७० अंश ब्रिटिश प्रूफ म्हणजे आजचे ४० टक्के. युरोपात १९९०च्या सुमारापर्यंत ७५ सेंटिलिटरची बाटली चाले, नंतर ७० झाली. म्हणून युरोपीय बाजारातली ७५ची बाटली दिसली की ती त्याआधीची, असं धरायला हरकत नाही. पण भारतात आणि अमेरिकेत ७५० मिलिलिटर हे माप बरंच पुढेपर्यंत चालू राहिलं, तेव्हा आपल्या वाइन शॉपमधली ७५०ची बाटली बघून 'जुना माल' म्हणून हुरळून जाऊ नका. एक लिटर असेल तर बहुधा ड्यूटी फ्रीची.

अमेरिकेच्या बाजारातली बाटली असेल तर आणखी दोन खुणा आहेत. 'संघीय कायद्यानुसार ही बाटली पुन्हा विकण्यास वा वापरण्यास मनाई' या अर्थाचा इंग्रजी मजकूर काचेत कोरलेला असेल तर ती १९३५ ते १९६४ च्या काळातली. लेबलावर सरकारी आरोग्य इशारा असेल तर नोव्हेंबर १९८९ नंतरची. बारकोड असेल तर १९७०च्या आधीची नाहीच. आपल्याकडची आयात असेल तर आयातदाराचं स्टिकर, एमआरपी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा क्रमांक आणि इशारा बघा. 'बाबांनी १९८५ला आणलेली' बाटली अन्नसुरक्षा क्रमांकासकट समोर आली की कुटुंबाच्या आठवणीत गफलत आहे हे लगेच कळतं. असं दोनदा झालं आहे, आणि दोन्ही वेळा कुणी खोटं बोलत नव्हतं.

शेवटी, भरणारा कोण. डिस्टिलरीने, म्हणजे व्हिस्की गाळणाऱ्या कारखान्याने, स्वतः भरलेली बाटली एक, आणि स्वतंत्र व्यापाऱ्याने पिंप विकत घेऊन भरलेली दुसरी. एल्गिनचे गॉर्डन अँड मॅकफेल १८९५ पासून या धंद्यात आहेत, कॅडनहेड त्याहून जुने, सिग्नेटरी १९८८ चे. यांची लेबलं बऱ्याचदा अगदी साधी असतात, म्हणूनच घरोघरी ती दुर्लक्षित राहतात. काकांची चौथी बाटली गॉर्डन अँड मॅकफेलच्या 'कॉनॉसर्स चॉइस' मालिकेतली होती: पोर्ट एलन, गाळण्याचं साल १९८०, ७० सेंटिलिटर. मापावरून ती १९९० नंतर भरलेली. भावाला मी तेव्हाच फोनवर सांगितलं, "दोन लाखांचं सोड, ती खाली ठेवलेली बाटली जपून ठेवायला सांग मावशीला."

तिसरी पायरी: ती कुणाला हवी आहे का

दुर्मिळ असणं आणि मागणी असणं या वेगळ्या गोष्टी. पन्नास वर्षांपूर्वीची एखादी अनोळखी ब्लेंड, म्हणजे अनेक व्हिस्कींचं मिश्रण, जगात शंभरच उरली असेल, पण ती मागणारे वीसच असतील तर भाव उठत नाही.

मागणी कशाला असते? बंद पडलेल्या डिस्टिलऱ्यांना. स्कॉटलंडच्या आयला बेटावरची पोर्ट एलन १९८३ला बंद झाली, उत्तरेची ब्रोरा त्याच वर्षी, रोझबँक १९९३ला. जपानची करुइझावा २००० नंतर गाळणं थांबवून कायमची गेली. आता यात एक मेख आहे: ब्रोरा २०२१ला आणि पोर्ट एलन २०२४ला पुन्हा सुरू झाल्या, रोझबँकही परत आली. जुन्या मालाची संख्या त्याने वाढत नाही, पण 'ही पुन्हा कधीच होणार नाही' हे जे वलय होतं ते थोडं उतरतं. मी भाव धरताना ते ध्यानात ठेवतो.

नंतर नावाला. मॅकॅलन ही स्कॉटलंडची डिस्टिलरी या बाजाराचं सोनं आहे. १९२६ साली गाळलेल्या त्यांच्या २६३ क्रमांकाच्या पिंपातून साठ वर्षांनी, १९८६ला, अवघ्या ४० बाटल्या निघाल्या, आणि त्यांतल्याच एकीने नोव्हेंबर २०२३ला लंडनच्या सदबीज या लिलावघरात भावाचा विक्रम केला. स्कॉटलंडच्याच स्प्रिंगबँकला निष्ठावान गिऱ्हाईक आहे. जपानी व्हिस्कीत यामाझाकी, हिबिकी यांच्या वय लिहिलेल्या जुन्या बाटल्या, आणि हान्यू डिस्टिलरीची ५४ बाटल्यांची, खेळायच्या पत्त्यांवर बेतलेली मालिका, जिचा पूर्ण संच २०२० साली हाँगकाँगच्या लिलावात पंधरा लाख डॉलरांच्या पुढे गेला.

आपल्या देशाचंही नाव यात घ्यायला मला मनापासून आवडतं. बेंगळुरूच्या अमृतने २००४ साली आपली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, फक्त माल्ट केलेल्या बार्लीची व्हिस्की) थेट ग्लासगोत बाजारात आणली. बेंगळुरूच्या हवेत पिंपातून वर्षाला दहा-बारा टक्के माल उडून जातो, स्कॉटलंडमध्ये हेच प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास. म्हणून आपल्याकडे आठ-दहा वर्षं टिकलेलं पिंप हीच दुर्मिळ गोष्ट. अमृतच्याच २०१३च्या 'ग्रीडी एंजल्स'च्या पहिल्या खेपेत १४४ बाटल्याच होत्या. गोव्याची पॉल जॉन, हरियाणाची इंद्री यांच्या एकाच पिंपातल्या, क्रमांक घातलेल्या बाटल्यांकडेही बाहेरचे संग्राहक बघतात. पण क्रमांक हवा. नेहमीच्या मालाला नाही.

आणि कशाला मागणी नसते, तेही स्पष्ट सांगतो, कारण मुंबईच्या घरांतून बहुतेक हेच निघतं. ब्लू लेबल महाग आहे, दुर्मिळ नाही. रॉयल सॅल्यूट १९५३ला राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकासाठी काढली आणि तेव्हापासून बनतेच आहे. 'लिमिटेड एडिशन' असं छापलं आहे, पण किती बाटल्या ते छापलेलं नाही, अशा रंगीत खोक्यांवर मी एक रुपयाही जास्त धरत नाही. दिवाळीच्या भेटीत आलेल्या ग्लाससकटच्या खोक्यांवरही नाही.

चौथी पायरी: मुंबईच्या हवेने काय केलं

पातळी सगळ्यात आधी. द्रव मानेत आहे, मानेच्या बुडाशी आहे, खांद्याच्या वरच्या भागात आहे, मध्यावर आहे, की खांद्याखाली गेला आहे, अशी नोंद करायची. चाळीस-पन्नास वर्षांच्या बाटलीत पातळी खांद्याच्या वरच्या भागात असणं चालून जातं. मध्यावर आली की घेणारे हात आखडतात, आणि खांद्याखाली गेली की बाटली शोभेचीच धरा. माल जसा उडतो तशी तीव्रताही बदलते, चव विरते. काकांची ब्लॅक लेबल खांद्याच्या मध्यावर होती. ती वीस वर्षं गॅसच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात होती, त्याचा हा परिणाम.

चिनी मातीच्या कुप्पीत पातळी दिसतच नाही. तिथे स्वयंपाकघरातला वजनकाटा कामी येतो. ४० टक्क्यांच्या ७०० मिलिलिटर व्हिस्कीचं वजन सुमारे ६६५ ग्रॅम भरतं. त्याच प्रकारच्या कुप्पीचं भरलेलं वजन लिलावांच्या नोंदींत बऱ्याचदा दिलेलं असतं, त्याच्याशी ताडून पाहा. आणि दरवर्षी एकदा वजन करून वहीत लिहा. ५० ग्रॅम घटले तर पन्नास मिलिलिटरहून जरा जास्तच उडाली असं समजा.

सील आणि झाकण: कॅप्सूल (झाकणावरचं आवरण) सैल आहे का, फिरते का, कडेला चिकट तपकिरी ओघळ आहेत का. ओघळ म्हणजे गळती.

लेबल: इथे आपला पावसाळा आडवा येतो. जून ते सप्टेंबर समुद्राकाठच्या या शहरात भिंतीला पाझर फुटतो, तिथे कागदाचं काय. बुरशीचे ठिपके, कसर लागून कुरतडलेल्या कडा, सुटलेले कोपरे, हे सगळं लिलावाच्या फोटोत लख्ख दिसतं. बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात, माळ्यावर, बाथरूमला चिकटलेल्या भिंतीच्या खोलीत बाटल्या ठेवू नका. आतल्या खोलीतलं बंद कपाट, उभी बाटली, झाकणाभोवती प्रयोगशाळेत वापरतात ती ताणता येणारी मेणफिल्म, आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या. त्या पावसाळ्यात दर महिन्याला बदला. दिवसातून आठ तास एसी आणि मग बंद, अशा खोलीपेक्षा सतत एकसारखं तापमान असलेली साधी खोली मला बरी वाटते.

खोका असला तर भाव वाढतो, पण किती ते बाटलीवर आहे. आधुनिक मॅकॅलनसारख्या बाटलीत खोका नसेल तर घेणारे बरीच कपात करतात. १९७०च्या ब्लेंडच्या खोक्याला फारसं कुणी विचारत नाही.

पाचवी पायरी: खरी की नकली

२०१७ साली स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झमधल्या एका हॉटेलात एका चिनी लेखकाने १८७८ची म्हणून ठेवलेल्या मॅकॅलनच्या एका पेल्यासाठी जवळपास १०,००० फ्रँक मोजले. फोटो बघून जाणकारांना लेबल आणि बुचाविषयी शंका आली. ऑक्सफर्डमध्ये कार्बन चाचणी झाली तेव्हा ती व्हिस्की १९७०च्या सुमाराची, आणि सिंगल माल्टही नव्हे तर मिश्रण निघाली. हॉटेलने पैसे परत केले. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडच्या विद्यापीठांच्या संयुक्त प्रयोगशाळेत ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या, त्यांतल्या २१ एकतर नकली होत्या किंवा लिहिलेल्या साली गाळलेल्याच नव्हत्या. ही चाचणी चालते कारण १९५०च्या दशकापासूनच्या अणुस्फोटांनी हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला आणि तो त्यानंतरच्या बार्लीत उतरला.

आपल्याला प्रयोगशाळेत जायची गरज क्वचित पडते. आपल्या शहरातली नक्कल वेगळी आहे: महागड्या स्कॉचच्या रिकाम्या बाटल्या भंगारातून उचलायच्या, आत स्वस्त माल भरायचा, वर नवं सील. उत्पादन शुल्क खात्याच्या धाडींत हा प्रकार पुन्हा पुन्हा सापडत आला आहे. म्हणून बाटली घेताना झाकणाच्या दातऱ्यांवर ओरखडे, कॅप्सूलवर दुहेरी सुरकुत्या, लेबलाखाली डिंकाचा दुसरा थर, आतल्या द्रवाचा न जुळणारा रंग, हे बघा. बाटलीच्या काचेवरचा क्रमांक आणि लेबलावरचा काळ यांचा मेळ लागतो का ते बघा. चोर बाजारात जुन्या रिकाम्या बाटल्या आणि पत्र्याचे डबे हौसेने घ्यावेत असेच असतात, पण तिथली भरलेली बाटली कुणी कितीही शपथा घालून दिली तरी घेऊ नका. आणि आपल्या घरची महागडी बाटली रिकामी झाली की लेबल खरवडून, मगच भंगारवाल्याला द्या.

कागदाला इथे फार मोल आहे. ड्यूटी फ्रीची पावती, जुना फोटो ज्यात बाटली शोकेसमध्ये दिसते, पत्र, काहीही.

सहावी पायरी: आकडा

दुकानाने संकेतस्थळावर मागितलेली किंमत हा भाव नसतो. भावाने पाहिलेले दोन लाख हे तसेच मागितलेले होते, कुणी दिलेले नव्हते. भाव म्हणजे लिलावात खरोखर विकली गेलेली किंमत. पर्थची व्हिस्की ऑक्शनियर, ग्लासगोची स्कॉच व्हिस्की ऑक्शन्स यांचे जुने निकाल ऑनलाइन बघता येतात; बोनहॅम्स आणि सदबीज मोठ्या बाटल्यांसाठी.

आपल्या नेमक्या बाटलीचे गेल्या दीड वर्षातले किमान सहा निकाल काढा. माप, साल, भरणारा तोच हवा. सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या, त्या दिवशी दोन हट्टी माणसं समोरासमोर आली असतील. उरलेल्यांतला मधला आकडा घ्या. मग फोटो उघडून आपल्यापेक्षा खालच्या पातळीची बाटली कितीला गेली ते बघा, आणि त्या दोहोंच्या मध्ये आपली जागा ठरवा. २०२२ नंतर हा बाजार चांगलाच उतरला, तेव्हा २०२१-२२चे निकाल आज धरणं म्हणजे स्वतःची फसवणूक.

निकाल वाचताना हातोड्याचा भाव (शेवटची बोली) आणि गिऱ्हाइकाने दिलेली एकूण रक्कम यांत घोळ करू नका. तो १९२६चा मॅकॅलन बातम्यांत २१,८७,५०० पौंडांना गेला असं छापून आलं. हातोडा १७,५०,००० वर पडला होता, वरचे २५ टक्के लिलावघराचे. विकणाऱ्याचा हिशेब हातोड्यापासून खाली जातो.

आपल्या मापाचं उदाहरण घेऊ. समजा हातोडा ६०० पौंडांवर पडला. विक्रेत्याचं कमिशन १० टक्के, म्हणजे ६०. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट, १२. नोंदणीचे समजा १०. हातात आले ५१८. तिकडे घेणाऱ्याने लिलावघराचा १२ टक्के प्रीमियम आणि त्यावरचा व्हॅट धरून सुमारे ६८६ दिलेले असतात. बातमीतला आकडा ६८६चा, तुमचा ५१८चा. पोचवण्याचा, विम्याचा आणि आयात शुल्काचा खर्च यातून अजून जायचा आहे. लिलावघरानुसार हे टक्के बदलतात, म्हणून आधी त्यांचं दरपत्रक वाचा. राखीव किंमत (जिच्याखाली विकायचं नाही ती) लावायची असेल तर ती तुमच्या मधल्या आकड्याच्या जरा खालीच लावा. न विकलेली बाटली पुढच्या लिलावात पडेल भावाने जाते.

मुंबईतली खरेदीची पावती या हिशेबात आणू नका. आपण स्कॉचवर १५० टक्के सीमाशुल्क आणि वर राज्याचं उत्पादन शुल्क भरत आलो. राज्याने २०२१च्या नोव्हेंबरात आयात स्कॉचवरचा दर ३०० टक्क्यांवरून १५० वर आणला, त्या एका निर्णयाने त्याआधी महाग घेऊन ठेवलेल्यांचा हिशेब कोलमडला. जुलै २०२५ला ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात सीमाशुल्क आधी ७५ आणि दहाव्या वर्षी ४० टक्क्यांवर आणायचं ठरलं आहे. नेहमी मिळणाऱ्या स्कॉचच्या बाटल्या 'पुढे भाव येईल' म्हणून साठवणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं. एडिनबर्गचं गिऱ्हाईक आपण भरलेला कर परत देत नाही.

सातवी पायरी: बाटली कुठे आहे

इथे बहुतेकांचा हिरमोड होतो. बाटली दादरला आणि बाजार स्कॉटलंडला. टपालाने किंवा साध्या कुरियरने दारू पाठवता येत नाही. विमानाच्या चेक-इन सामानात २४ ते ७० टक्के तीव्रतेची पाच लिटरपर्यंत दारू विमान कंपन्या नेऊ देतात आणि ब्रिटनमध्ये उतरताना चार लिटरपर्यंत करमाफी आहे, पण ती स्वतः पिण्यासाठी किंवा भेट देण्यासाठी. विकायला नेत असाल तर तो व्यापारी माल ठरतो, जाहीर करून शुल्क भरावं लागतं. न सांगता नेऊन लिलावात टाकणं हा तिथला गुन्हा. आधी लिलावघराला फोटो पाठवून अंदाज मागवा, बहुतेक जण तो फुकट देतात, आणि भारतातून माल घेण्याची त्यांची पद्धत काय ते लेखी विचारा. उलट दिशेने, बाहेरून भारतात येताना दोन लिटरपर्यंतच करमाफी आहे हेही विसरू नका.

म्हणून मुंबईतल्या बाटलीचा भाव मी दोन ओळींत लिहितो. एका ओळीत लिलावातला हातोड्याचा मधला आकडा, दुसरीत सगळा खर्च आणि शुल्क वजा जाता इथल्या माणसाच्या हाती पडणारी रक्कम. शे-दीडशे पौंडांच्या बाटलीत दुसरी ओळ बहुधा शून्याच्या आसपास येते. विक्रीचा विचार काही शे पौंडांच्या वरच्या बाटलीपासूनच सुरू करा.

मावशीच्या वहीत शेवटी असं लिहिलं गेलं. ब्लॅक लेबल: पातळी मध्यावर, बाहेर नेणं परवडत नाही, काकांची आठवण म्हणून शोकेसमध्ये. रॉयल सॅल्यूट: वजन ठीक, भाव बेताचा. ब्लू लेबल: सध्याच्या दुकानाच्या किमतीपेक्षा कमी, भावाच्या मुलीच्या लग्नात उघडायची. पोर्ट एलन: पातळी मानेत, लेबलाचा एक कोपरा सुटलेला, दोन लिलावघरांना फोटो पाठवले, दोघांचा अंदाज माझ्या मधल्या आकड्याच्या आसपास आला.

त्या बाटलीची पावती मात्र कुठेच सापडेना. दोन दिवसांनी मावशीने फोन केला. तिला काकांच्या जहाजाच्या कामाची सीडीसी, म्हणजे खलाशाच्या नोकरीची नोंदवही, सापडली होती, त्यात १९९६ साली ब्रिटनच्या बंदरात उतरल्याचा शिक्का आणि तारीख होती. "ही चालेल का रे?" तिने विचारलं. मी त्या पानाचा फोटो मागवून घेतला आणि बाटलीच्या फोटोंबरोबर त्याच फोल्डरमध्ये ठेवला. सीडीसी मावशीने बाटलीच्याच कपाटात, सिलिका जेलच्या डब्यात ठेवली आहे.